विटाळ कोणाचा?

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, मांसमच्छी मी खात नाही. तरी आमच्या दारव्हा तालुक्यात चार-दोन डुकरं पाळून पोट भरणाऱ्या कैकाडी घरांची बाजू घेतली की भजनातली माणसं विचारतात, "गुरुजी, हे तुमच्या धर्मात बसते का?" बसतं.

रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या काळातला वराह आहे. माणसाच्या धडावर डुकराचं तोंड बसवलेला नव्हे, चार पायांवर उभा असलेला अख्खा डुक्कर. पृथ्वी वर काढायला विष्णूने हेच रूप घेतलं असं मानून आपण त्याला हात जोडतो. मग जिवंत डुकराला अपवित्र कोणी ठरवलं?

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. यवतमाळच्या उन्हात ते चिखलात लोळणार नाही तर काय करेल? आणि त्याच्या मांसातल्या ज्या जंताचं आपण भय घेतो, तो त्याच्या पोटात जातो माणसाच्या विष्ठेतून. उघड्यावर बसलो आपण, विटाळ लागला त्याला, आणि त्याच्यामागून त्याला पाळणाऱ्यालाही. इंग्रजांनी कैकाड्यांवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 साली कायद्यातून पुसला गेला. गावाच्या मनातला अजून पुसायचा आहे.

अशा एका घरची बाई सकाळी हॉटेलांमधलं खरकटं आणते, चुलीवर खळखळ उकळते, निवल्यावर त्यात कोंडा आणि तुरीची चुनी कालवते. उकळणं चुकवत नाही, कारण 2020 पासून देशात आलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हर कच्च्या खरकट्यातूनही पसरतो आणि त्यावर औषध नाही. या कापसाच्या मुलखात सरकीची ढेप मुबलक, पण डुकराला ती बाधते. डुकरीण 114 दिवसांत विते, आठ-दहा पिल्लं देते. त्यांच्या विक्रीतून मुलीची वह्या-पुस्तकं होतात, दवाखाना निघतो. राष्ट्रीय पशुधन अभियान 2021 मध्ये बदललं तेव्हा अनुदान ठेवलं ते 100 माद्या आणि 10 नरांच्या प्रकल्पाला, 30 लाखांपर्यंत. चार डुकरिणींच्या घराने त्या कागदात स्वतःला कुठे शोधावं?

राहिला हत्येचा प्रश्न. जीव घेणं मला पटत नाही, मरेपर्यंत पटणार नाही. पण बोकड पाळणाऱ्याच्या ओट्यावर आपण चहा पितो आणि डुक्कर पाळणाऱ्याला ओट्यावर चढू देत नाही. तेव्हा अडतं ते अहिंसेपाशी नाही, जातीपाशी अडतं. त्या अडण्याला धर्माचं नाव देऊ नये.

मोकाट डुकरांची बाजू मी घेत नाही. ती कोणाच्या कपाशीत शिरू नयेत, आणि ज्या शेजाऱ्यांना त्यांच्या धर्माने डुक्कर वर्ज्य आहे त्यांच्या दारात तर मुळीच जाऊ नयेत. म्हणूनच या घरांना वस्तीपासून थोडी दूर जागा, बंदिस्त शेड आणि पाण्याचा नळ हवा. येत्या ग्रामसभेत मी तसा ठराव मांडणार आहे. गावातल्या माळकऱ्यांनी त्याला सर्वांत आधी हात वर करावा, एवढीच विनंती.