काळ्या-पांढऱ्या फोटोतली खाकी

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या घरात ट्रंकेच्या तळाशी गणवेशातल्या माणसाचा फोटो सापडतो. ताठ मान, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. नाव विचारलं तर घरातलं म्हातारं माणूस ‘होते एक आपल्यातलेच’ म्हणून विषय बदलतं. मग नातू मोबाइलवर फोटो टिपतो आणि इमेज सर्चला टाकतो. फोन सारखे दिसणारे फोटो समोर मांडतो. त्यात जर्मन सैनिकही निघू शकतो, कारण फोनला आकार जुळवता येतो, आपल्याकडची मोगलाई त्याला ठाऊक नसते.

तसं पाहिलं तर भारतीय माणूस जर्मन गणवेशात असणं अशक्य नाही. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या भारतीय जवानांमधून सुभाषचंद्र बोसांच्या पुढाकाराने जर्मनीत एक पलटण उभी राहिली. तिच्या जवानांच्या अंगावर जर्मन गणवेश होता आणि दंडावर झेपावणाऱ्या वाघाचं चिन्ह. देशाच्या स्वातंत्र्यासाठी हिटलरच्या फौजेचे कपडे! एका गणवेशाचे अर्थ किती असू शकतात, ते इथेच दिसतं. पण मराठवाड्यातल्या नातवाच्या पोटात गोळा येतो तो वेगळ्या प्रश्नाने. आपले पणजोबा रझाकार होते का?

हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करायचा. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन. पण त्या काळात खाकी घालणारे रझाकार एकटे नव्हते. निजामाची कवायती फौज होती, पोलीस होते, जंगल खात्याचे शिपाई होते, ब्रिटिश फौजेतून लढून परतलेले जवान होते. या सगळ्यांना एका रंगात कसं बसवायचं?

त्यात काळ्या-पांढऱ्या फोटोत रंगच नसतो. जुन्या फिल्मवर तर लाल रंग काळपट उमटायचा आणि निळा फिकट, त्यामुळे पदकाच्या फितीचा रंगही अंदाजानेच सांगावा लागतो. ॲपने फोटो ‘रंगीत’ करून दिला तर तो रंग ॲपने ठरवलेला असतो. म्हणून जाणकार माणूस रंगाआधी टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची अक्षरं, बटणं आणि पट्ट्याचं बक्कल पाहतो. छातीवरची पदकं उजवीकडे दिसली तर फोटो उलटा छापला आहे का, हे तो कोटाच्या बटणपट्टीवरून तपासतो. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आहे का, तेही बघतो.

एवढं करून काय हाती लागतं? हा माणूस कोणाच्या पगारावर किंवा कोणाच्या झेंड्याखाली होता, एवढंच. त्याने काय केलं, हे बिल्ला सांगत नाही. म्हणून काही जण म्हणतात, मग उकरायचं कशाला? गेलेल्या माणसाला शांत राहू द्या. मला हे पटत नाही. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना विसरण्याची सवलत नव्हती. मग ती फक्त आपल्या घराने का घ्यावी?

पण शोधणाऱ्यालाही स्वतःवर पहारा ठेवावा लागतो. जर्मनीत 1995 साली दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांवरचं एक फोटोप्रदर्शन गावोगाव फिरू लागलं. आपला बाप साधा सैनिक होता, असं मानणारी घरं हादरली. पुढे अभ्यासकांनी दाखवलं की काही फोटोंची ओळख चुकली आहे. काहींत सोव्हिएत पोलिसांनी मारलेली माणसं होती. 1999 मध्ये प्रदर्शन थांबवून तपासणी झाली. सुमारे 1400 फोटोंपैकी विसाहून कमी फोटो चुकीचे निघाले आणि मूळ म्हणणं टिकलं. तरी ती तपासणी गरजेचीच होती. ज्याच्यावर खुनाचा ठपका ठेवायचा, त्याच्या टोपीचा बिल्ला नीट पाहणं हे किमान कर्तव्य आहे.

त्याच देशात हाराल्ड वेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांतल्या आठवणींचा अभ्यास केला. आजोबांनी स्वतः सांगितलेल्या कठोर गोष्टीसुद्धा नातवंडांच्या तोंडी येईपर्यंत मवाळ झालेल्या होत्या. प्रेमाने माणूस खोटं बोलतो असं नाही, पण ऐकताना गाळणी लावतो. आपल्या घरातला खाकीवाला ‘पोटासाठी गेला होता’ आणि शेजारच्या घरातला ‘कट्टर होता’, असं आपणही सहज म्हणून जातो. दोन्ही फोटोंत बिल्ला एकच असला तरी!

आता यातली सर्वांत अवघड गोष्ट. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात मुसलमानांवर मोठा हिंसाचार झाला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या समितीने संस्थानभरात किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मारणाऱ्यांमध्ये साध्या कपड्यांतले गावकरीही होते. त्यांचे फोटोही आपल्या अल्बमांत असतील, लग्नातले, जत्रेतले, धोतर-टोपीतले. ते फोटो कोणी मोबाइलमध्ये टाकून तपासत नाही. गणवेश नसला की संशयही येत नाही, आणि तपासाचं सगळं ओझं एकाच बाजूच्या ट्रंकेवर पडतं.

कपड्यावरून आणि धर्मावरून बाजू ठरवणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होते. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांना ठार मारलं गेलं. आणि सुंदरलाल समितीनेच नोंदवलं आहे की हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, तेही कधीकधी स्वतःचा जीव देऊन. या माणसांना ओळखायला कुठलाच बिल्ला उपयोगाचा नाही. त्यांनी काय केलं, तेच विचारावं लागतं.

तेव्हा फोटो सापडला तर फाडू नका आणि लगेच स्टेटसलाही ठेवू नका. त्याच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने तीन ओळी लिहा. फोटोत नक्की काय दिसतं. घरात कोणी काय सांगितलं, सांगणाऱ्याच्या नावासकट. आणि कोणता प्रश्न अजून कोणाला विचारलेला नाही. खाकीतल्या फोटोमागे लिहाल तसंच धोतरातल्या फोटोमागेही लिहा. तिसरी ओळ लिहून झाली की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी जाऊन बसा. फार उशीर करू नका.