नेच्यापाशी हात

खोलीत अंधार आहे. डोळ्यांना जरा वेळ द्या.

आता कुंड्या दिसू लागतील. पाच आहेत. झाडं खरी आहेत. वेल, शेवाळ, निवडुंग. आणि हा नेचा.

नेच्यासमोर थांबा. श्वास येतो, जातो. येऊ द्या. जाऊ द्या.

झाडांपलीकडे मोठा पडदा आहे. काळा, रिकामा. तिकडे अजून बघू नका.

ख्रिस्टा सोमरर आणि लॉराँ मिन्योनो या दोघांनी ही कलाकृती १९९२ साली घडवली. ती ऑस्ट्रियाची, वनस्पतिशास्त्र शिकलेली. तो फ्रान्सचा. कलाकृतीचं नाव ‘इंटरॅक्टिव्ह प्लांट ग्रोइंग’. नावं एवढी पुरेत.

हात उचला. सावकाश. अगदी सावकाश.

नेच्याच्या अलीकडे, वीतभर अंतरावर, तो थांबवा.

अजून कशालाच शिवलेलं नाही. तरी तुमचं येणं कळलं आहे. तुमचं अंग आणि नेचा यांच्यात विजेच्या दाबाचा बारीकसा फरक असतो. हात सरकतो तसा तो फरक बदलतो. झाडातून तेवढाच बदल संगणकापर्यंत पोहोचतो.

आता वर बघा.

पडद्यावर नेचा उगवतो आहे. नुसत्या उजेडाचा. हात जवळ न्या. वाढ बदलते. मागे घ्या. पुन्हा बदलते.

भुलायला होतं. होऊ द्या.

मग नजर खाली आणा.

कुंडीतला नेचा तसाच आहे. लाजाळूची सवय असलेल्या बोटांना वाटतं, आता हा मिटेल. तो मिटत नाही.

इथे थांबा. मला ही कलाकृती इथेच सर्वांत मोलाची वाटते. वरची बाग पाहता पाहता दाटते. खाली एक कोवळं टोक अजून गुंडाळलेलं आहे. ते उलगडायला कितीतरी दिवस जातील, आणि ते आपल्या हाताची वाट बघत नाही.

त्या टोकाकडे बघा. त्यावरची तपकिरी लव बघा. पानाच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके आहेत. ओळीत. तेही बघा.

हात असू द्या. जवळ, पण न टेकवता. मातीचा ओला वास येतो का? गारवा लागतो का?

श्वास येतो, जातो.

मन पडद्याकडे धावेल. धावू द्या. पुन्हा नेच्यापाशी या.

पुन्हा या.

आता निवडुंगाकडे वळा. त्याच्यापाशी हात नेला, की पडद्यावरचं सगळं रान नाहीसं होतं.

हात पुढे करा. आखडतो ना? काट्यांमुळे आखडतो, की वरच्या रानामुळे? उत्तर शोधू नका. आखडणं तेवढं जाणवू द्या. मनगटात. श्वासात.

खरा नेचा तर कुठेच जाणार नाही. हे माहीत असूनही हात आखडतो.

थोडं थांबा.

मग वाटलं, तर हात पुढे न्या. पडदा रिकामा झाला, की मागे उभ्या माणसाला जागा करून द्या. त्याला नवं रान लावायचं आहे.