सगळ्या वयांचं पाणी

लिबी पेज यांची ‘द लायडो’ ही कादंबरी २०१८ साली आली. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला उघडा जलतरण तलाव पालिका एका बांधकाम कंपनीला विकायला निघते आणि शहाऐंशी वर्षांची रोझमेरी व सव्वीस वर्षांची वार्ताहर केट तो वाचवायला उभ्या राहतात. गोष्ट गोड आहे, जरा जास्तच गोड. पण तिच्यामागचा तलाव खरा आहे. ब्रॉकवेल लायडो १९३७ साली सुरू झाला, १९९० मध्ये बंद पडला आणि १९९४ मध्ये पालिकेच्याच दोन माजी कर्मचाऱ्यांनी तो पुन्हा चालवायला घेतला.

छत्रपती संभाजीनगरात बसून हे वाचताना मन अडतं ते पाण्याशी. जायकवाडीत साठा असूनही जिथे नळ कित्येक दिवसांआड येतो, तिथे पोहायला पाणी कुठल्या तोंडानं मागायचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडू. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे माणशी दोन लिटरांहून थोडं जास्त. तेही रोज नाही. पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात. उन्हानं उडेल आणि गाळणी धुताना जाईल, तेवढीच भर घालावी लागते. शहराची तहान या तलावामुळे वाढत नाही.

मराठवाड्याला पोहायला शिकवलं ते विहिरींनी. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचं टोक काठावरच्या मामाच्या किंवा आजोबांच्या हातात. नाकातोंडात पाणी जायचं, रडू यायचं, पण भीती मोडायची. पोहणं पुस्तकातून येत नाही. ज्याला येतं त्याच्या भरवशावर अंग पाण्यात टाकावं लागतं. हा भरवसा म्हणजेच दोन पिढ्यांची मैत्री. मग बोअर आले, विहिरी आटल्या. आता मुलं शेततळ्यात उतरतात. तिथे उतारावर प्लास्टिकचं अस्तर, त्यावर शेवाळ. ओल्या पायाला पकड मिळत नाही आणि पोहता येणारा मुलगासुद्धा बाहेर येऊ शकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या अशा बातम्या वाचून ज्यांचं काळीज हललं आहे, त्यांनी जलतरण तलावाला चैन म्हणू नये.

मात्र विहिरींच्या आठवणीत रमताना एक गोष्ट लपवता येणार नाही. ते पाणी सगळ्यांचं नव्हतं. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादला आले. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या त्यांनी किल्ल्याच्या दाराबाहेरच्या टाक्यावर हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून आरडाओरडा झाला. आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही, या अटीवरच त्यांना सोडलं आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला. हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेतल्या जॅक्सन शहरानं काळ्या-गोऱ्यांना एकत्र पोहू देण्याऐवजी तलावच बंद केले. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते चालवूनही घेतलं. एकाच पाण्यात उतरणं माणसांना इतकं जड जातं.

म्हणूनच मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या महापालिकेच्या सिद्धार्थ जलतरण तलावाकडे मी आदरानं पाहते. दौलताबाद इथून फार लांब नाही. इथे पास लागतो, जात विचारली जात नाही.

या शहराची ‘द लायडो’सारखी कादंबरी कुणीतरी लिहायला हवी. गंगापूरकडच्या विहिरीत पोहायला शिकलेले एक आजोबा आणि मुकुंदवाडीची एक मुलगी, जिच्या आईला कधी कुणी पाण्यात उतरूच दिलं नाही. ‘आजोबा, दम लागतो हो,’ ती म्हणेल. ‘घाई नको, बेटा. आधी पाण्यात श्वास सोडायला शीक.’ त्यांची लढाई बहुधा बिल्डरशी नसेल. आपल्याकडे सार्वजनिक तलाव विकण्याआधीच मरतात. पंप बिघडतो, निविदा अडकते, जीवरक्षकाची जागा रिकामी राहते, दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ची पाटी लागते. एक हंगाम असा गेला की आधी म्हातारी माणसं सुटतात, कारण त्या वयात मोडलेली सवय पुन्हा जडत नाही. पाठोपाठ मुली सुटतात. त्यांच्या घरच्यांना नकार द्यायला एवढंच निमित्त पुरतं. तेव्हा पाटीवर दुरुस्ती संपण्याची तारीख लिहा, आणि मुलींच्या वेळेला बाई प्रशिक्षक नेमा.