हाताची जखम आणि ऋतूचा दोष

हातावर शस्त्रक्रिया करावयाची असेल तर ती थंडींत करावी, उन्हाळ्यांत जखम चिघळते आणि पावसाळ्यांत ओलसर राहून भरत नाहीं, असा समज आपल्याकडे घरोघर आढळतो. मनगटांत दबलेली नस मोकळी करून घेण्याचा सल्ला मिळालेला मनुष्य प्रथम डॉक्टरांस खर्च विचारतो, आणि लगोलग विचारतो तो महिना. दिवाळीनंतर केलें तर चालेल काय? सुशिक्षित मंडळी या प्रश्नास हंसतात. आमच्या मतें तो हंसण्यासारखा नाहीं. मात्र त्याच्या पोटांत दोन निरनिराळे प्रश्न आहेत व त्यांची गल्लत होते. ऋतूचा जखमेवर परिणाम होतो काय, हा एक. आणि जखम बिघडली तर तिचा दोष ऋतूच्या माथीं मारतां येईल काय, हा दुसरा. पहिला वैद्यकाचा आहे. दुसरा नीतीचा आहे, आणि प्रस्तुत लेखांत आम्हांस मुख्यतः त्याचाच विचार कर्तव्य आहे.

पहिल्या प्रश्नाविषयीं आपल्या प्राचीन शल्यशास्त्रज्ञांस संशय नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, व्रणावरील पट्टी केव्हां सोडावी याचा नियम दिला आहे: हेमंत, शिशिर व वसंत या ऋतूंत तीन दिवसांनीं; शरद्, ग्रीष्म व वर्षा यांत दोन दिवसांनीं. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ऋतु ही वैद्याला दिलेली सबब नाहीं. तें त्याचें वाढविलेलें काम आहे. काळ प्रतिकूल झाला कीं वैद्यानें अधिक वेळां पाहावें, एवढाच त्याचा अर्थ. त्यालाच लागून असेंही सांगितलें आहे कीं, रोग झपाट्यानें घात करणारा असेल तर हा नियम धरून बसूं नये. घर पेटलें असतां जी त्वरा करावी ती करावी.

याच्या अगदीं उलट प्रकार गेल्याच्या मागील शतकांत व्हिएन्ना येथें घडला. तेथील मोठ्या रुग्णालयांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुईणी. पहिल्या विभागांत सूतिकाज्वरानें शेंकडा सुमारें दहा स्त्रिया दगावत. दुसऱ्यांत शेंकडा चारच्या आसपास. विद्वान् मंडळी हवेकडे, भूमीकडे, फार काय आकाशस्थ गोलांच्या प्रभावाकडे बोट दाखवीत होती. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरास हें पटेना. एकाच आवारांतील दोन विभागांना दोन निराळीं हवामानें कशीं असतील? १८४७ सालीं त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळीं एका विद्यार्थ्याची सुरी लागली आणि त्या एवढ्याशा जखमेनें ते मरण पावले. त्यांच्या शवांत आढळलेल्या खुणा बाळंतिणींच्या शवांत आढळणाऱ्या खुणांशीं जुळल्या. शवागारांतून थेट प्रसूतिगृहांत जाणारे हात हेंच कारण, असें सेमेलवाइसनें ताडलें. त्याच वर्षीं मे महिन्यापासून क्लोरिनच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति झाली, आणि मृत्यूचें प्रमाण भराभर उतरलें. ऋतूविषयीं त्याचें म्हणणें तर फारच मार्मिक आहे. हिवाळ्यांत मृत्यु अधिक होत, हें खरें. पण त्याचें कारण थंडी नव्हे, तर थंडींत विद्यार्थी शवविच्छेदनाचा अभ्यास अधिक करीत, आणि उन्हाळा आला कीं त्यांची पावलें शहराबाहेरील रम्य परिसराकडे वळत! माणसांच्या हातून होणारी गोष्ट इतके दिवस पंचांगाच्या आड लपून राहिली होती.

तर मग ऋतु निर्दोष ठरला काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. अमेरिकेंतील रुग्णालयांच्या १९९८ ते २०११ या काळांतील नोंदी तपासून २०१७ सालीं कांहीं संशोधकांनीं असें दाखविलें कीं, शस्त्रक्रियेच्या जागीं जंतुसंसर्ग झाल्यामुळें रुग्णालयांत येणाऱ्यांची संख्या जानेवारींत सर्वांत कमी व ऑगस्टांत सर्वांत अधिक असते, आणि हा फरक सुमारें पाव हिश्शाचा आहे. ती पाहणी केवळ हाताची नाहीं, सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांची आहे. परंतु आजीबाईंच्या म्हणण्यांत तथ्य आहे, एवढें तिनें सिद्ध होतें. आतां पाव हिस्सा हा शब्द ऐकून वाचकांनीं दचकूं नये. मनगटाच्या नसेवरील शस्त्रक्रियेनंतर संसर्ग सहसा शंभरांत एकाहूनही कमी जणांस होतो. हिशेबापुरते हजारांत आठ धरले, तर वाईट ऋतूंत ते दहा होतील. हजारांमागें दोन माणसें! समाजाच्या दृष्टीनें हा आंकडा तुच्छ नाहीं. एका माणसाच्या निर्णयापुरता तो फारच लहान आहे. सरासरी ही कोणाच्याच घरीं राहत नाहीं, आणि ज्याचा हात सुजतो त्याचा संपूर्ण हात सुजतो, पाव हिश्शानें नव्हे.

शिवाय थंडीही सर्वथा निरपराध नाहीं. गारठ्यांत बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेला लागणारा रक्तपुरवठा घटतो. ज्यांच्या बोटाची नस तुटून पुन्हां सांधली आहे, किंवा ज्यांचें बोट तुटून जोडलें आहे, त्यांस विचारावें. हिवाळ्यांतील सकाळ त्यांस वर्षानुवर्षें ठणका देते. जखम कोरडी वाळली कीं लवकर भरते हा समजही अर्धवटच. वरवरच्या जखमेवर पातळ आवरण घालून ओलावा राखल्यास नवी त्वचा उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षां पुष्कळच लवकर येते, असें १९६२ सालीं डुकरांवरील प्रयोगांनीं दाखविलें गेलें. आणि तें दाखविणाऱ्या इंग्रज संशोधकाचें आडनांव विंटर, म्हणजे हिवाळा, होतें. ओलावा निराळा व घाण पाणी निराळें, हा विवेक त्यांत आहे.

आणि जखम भरली असें म्हणावयाचें तरी केव्हां? तळहाताचे टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात, व आपण समजतों कीं प्रकरण संपलें. वस्तुतः तीन आठवड्यांनीं त्या जागेला मूळ कातडीच्या जेमतेम एक पंचमांश बळ आलेलें असतें. पुढें तें वाढत जातें, परंतु पांचांत चार हिश्शांच्या वर सहसा जात नाहीं. वण पक्व होण्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे मुहूर्त कोणताही धरा, हाताला सहाही ऋतु पाहावे लागतात.

येथवर आम्हीं असें गृहीत धरलें कीं, ऋतु निवडणें रुग्णाच्या हातीं आहे. आमच्यासारख्या वेतनावर जगणाऱ्यांच्या हातीं तें असतें. महाविद्यालयास दिवाळीची सुटी आहे, नाताळची आहे. उजवा हात गळ्यांत बांधून आम्ही पंधरा दिवस वाचीत बसूं शकतों. परंतु बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या एखाद्या बाईची कल्पना करा. कारखान्यांचा गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबराच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवराबायकोची जोडी मिळून तेथें एक ‘कोयता’ गणला जातो; मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत दोघांपैकीं एकाचाही हात थांबून चालत नाहीं. मनगटाला सतत जोर देणाऱ्यांस हा नसेचा विकार होण्याचा संभव अधिक. रात्रीं मुंग्यांनीं जाग येते, सकाळीं कोयता मुठींत नीट धरवत नाहीं. तिचा हात मोकळा असतो तो नेमका वैशाखांत आणि पावसाळ्यांत. ज्याला शास्त्र चांगला ऋतु म्हणतें तो तिचा मजुरीचा ऋतु आहे. थंडीपर्यंत थांब, असें तिला सांगणें म्हणजे थांबूंच नको व करूंही नको, असें सांगणें होय. इकडे नस दबलेलीच राहिली तर अंगठ्याच्या मुळाशीं असलेलें मांस झडूं लागतें, आणि फार उशीर झाल्यावर शस्त्रक्रियेनेंही तें पूर्ववत् होत नाहीं.

तिनें मे महिन्यांत हात दाखविला, शस्त्रक्रिया झाली, आणि जखमेंत पू झाला असें समजूं. आतां तीन पक्ष बोलूं लागतात. ती म्हणते, उन्हाळाच वाईट. डॉक्टर म्हणतात, हात भिजवूं नको म्हणून बजावलें होतें. शेजारीण म्हणते, नशीब. तिघांतील पहिली व तिसरी उत्तरें ऐकून आम्हांस राग येत नाहीं, कारण त्यांनीं कोणाचें नुकसान होत नाहीं. दुसऱ्या उत्तराचा येतो. ज्या घरीं पाणी हंड्यानें आणावें लागतें, भांडीं व धुणें करणारें दुसरें कोणी नाहीं, तेथें हात कोरडा ठेवण्याची आज्ञा ही आज्ञाच नव्हे. जें करणें मनुष्याच्या शक्तींत नव्हतें तें न केल्याचा दोष त्याजवर येत नाहीं, हें नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्गांत आम्ही विद्यार्थ्यांस शिकवितों, आणि रुग्णालयाच्या दारांत शिरतांच विसरतों. डॉक्टरांस ऋतूचा धोका ठाऊक होता. त्यांनीं तो सांगितला, हें उत्तम केलें. परंतु धोका सांगून टाकल्यानें सांगणाऱ्याचें ओझें ऐकणाऱ्याच्या खांद्यावर जातें, अशी जी समजूत अलीकडे संमतिपत्रावरील सहीबरोबर रूढ झाली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. सुश्रुताचा हिशेब उलट आहे. काळ वाईट, म्हणून तीनऐवजीं दोन दिवसांनीं पट्टी सोडावयाची. आणि ती सोडावयाची वैद्यानें.

आतां कोणी असें म्हणेल कीं डॉक्टरांनीं गांवोगांव जाऊन पट्ट्या सोडाव्यात काय? नाहीं, तेवढा वेळ त्यांस नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु जखम लाल झाली आहे काय, सूज वाढली आहे काय, हें पाहण्यास शल्यविशारद लागत नाहीं. जवळच्या उपकेंद्रांतील परिचारिकाही तें पाहूं शकते, आणि संशय येतांच पुढें पाठवूं शकते. दर दोन दिवसांनीं तेथवर जाण्याचें एस. टी.चें भाडें व त्या पंधरवड्यांत घरांतील पाणी भरणाऱ्या दुसऱ्या हाताची तजवीज, या बाबी शस्त्रक्रियेच्या खर्चांत कोणी धरीत नाहीं. उन्हाळ्यांतील शस्त्रक्रियेपुरत्या तरी त्या धरावयास हव्यात.