पाचांतली एक

माझ्या जुन्या स्की पावलाखाली ८८ मिलिमीटर रुंद आहेत. ज्या घ्यायच्या म्हणते आहे त्या ११२. फरक जेमतेम बोटभर रुंदीचा, किंमत आठशे डॉलरच्या आसपास. हा प्रश्न मला पैशापेक्षा पाप-पुण्याचा वाटतो असं सांगितलं, तर दुकानातला पोरगा हसेल. पण वाईत वाढलेल्या आणि मिरजेत डॉक्टर झालेल्या बाईच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते: कष्टानं मिळालं तेवढंच आपलं. सोपं झालं की हलकं झालं.

मी सॉल्ट लेक सिटीत भूलतज्ज्ञ आहे. हिवाळ्यात पॅसिफिककडून आलेले ढग वाटेत खाऱ्या तळ्यावरची वाफ घेतात, वासाच पर्वताला धडकतात आणि लिटल कॉटनवुडच्या दरीत रिकामे होतात. दरीच्या टोकाला अल्टा आहे. तिथं एका हिवाळ्यात सरासरी १३ मीटरच्या आसपास बर्फ पडतो, आणि तोही इतका कोरडा की मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. इथले लोक त्याला पावडर म्हणतात. अशा मांडीभर पावडरमध्ये मला एखाद्या उंचवट्यावरून उडी घ्यायची असते, हवेत एक गिरकी मारायची असते आणि जमलं तर उलट्या तोंडानं, पाठ उताराकडे करून उतरायचं असतं. बेचाळिशीत हे शोभतं का, हा वेगळ्या निबंधाचा विषय.

उलटं उतरणं ऐकायला शोभेचं वाटतं, पण स्कीची खरी परीक्षा तिथंच होते. जुन्या पद्धतीच्या स्कीचं शेपूट सपाट असतं. त्यावर पाठमोरं उतरलं की शेपूट बर्फात सुरीसारखं शिरतं आणि माणूस उताणा पडतो. म्हणून दोन्ही टोकं वर वळलेली स्की लागते. शिवाय टोकांकडचा बराच भाग जमिनीपासून आधीच उचललेला हवा, त्याला रॉकर म्हणतात. पावलाखाली मात्र थोडी कमान राखलेली बरी, कारण उडी घेताना तीच दाबली जाऊन परत उसळते. दुकानात मी स्की उभी धरली, शेपूट गालिच्यावर टेकवलं आणि मधल्या भागावर तळहातानं जोर दिला. पहिली जोडी इतकी मऊ की हातानंच वाकली. तिच्यावर जोरात उतरले तर शेपूट दबून मी मागं बसणार. दुसरी सुरुवातीला वाकली, मग अडून राहिली. ते अडून राहणं मला आवडलं. एकेका स्कीचं वजन दोन किलोला थोडं कमी. गिरकी घेताना हे वजन पायाच्या टोकाला लटकून फिरत असतं, त्यामुळे शंभर ग्रॅमही कळतात.

आता मूळ शंकेकडे. साठ-पासष्ट मिलिमीटर रुंदीच्या, दोन मीटरहून लांब, सरळसोट स्कीवर लोक अल्टाच्या याच उतारांवरून पिढ्यान्‌पिढ्या उतरले. नॉर्वेहून आलेल्या आल्फ एंगनसारख्यांनी खोल बर्फात वळण्याचं तंत्र असल्याच फळ्यांवर घडवलं. त्यांच्या मांड्यांनी जे केलं ते माझ्यासाठी लाकूड आणि फायबरग्लास करणार असेल, तर मी नेमकं काय केलं? १९९०च्या सुमारास ऑस्ट्रियात अ‍ॅटॉमिकच्या रूपर्ट ह्यूबरनं पहिल्या जाड्या स्की केल्या, तेव्हा तगड्या मंडळींनी नाकं मुरडली होती. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी त्या वापराव्यात, असा एकूण सूर. मग शेन मॅकॉन्की आला. त्याचं म्हणणं असं की खोल बर्फ म्हणजे जवळजवळ पाणीच, मग बर्फावरच्या स्कीचा आकार कडक बर्फावर धार रोवण्यासाठी का? तो अलास्कात चक्क पाण्यावरच्या स्की बांधून उतरला. त्यातून व्होलांट कंपनीची स्पॅट्युला निघाली, टोकं वर उचललेली आणि पावलाखालीच सर्वांत रुंद. म्हणजे तोवरच्या स्कीच्या अगदी उलट. आज दुकानात टांगलेल्या प्रत्येक पावडर स्कीमध्ये त्या विचाराचा अंश आहे. मी ती विकत घेते तेव्हा मॅकॉन्कीच्या डोक्याचा एक तुकडाही विकत घेते. त्यावर पुन्हा ‘मी उतरले’ असं म्हणायचं?

हे आईला फोनवर सांगितलं. ती वाईला असते, चातुर्मासात ज्ञानेश्वरी लावते. स्की म्हणजे काय हे तिला व्हिडिओवरून ठाऊक आहे. ती त्यांना फळ्या म्हणते.

“मग उडी तू मारतेस की फळ्या मारतात?” तिनं विचारलं.

“तेच तर कळत नाही गं.”

“अठरावा काढ. काम पाच जणांचं असतं. फळ्या त्या पाचांतल्या एक, तू पण एकच.”

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच गोष्टी लागतात असं सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवं दैव. असं असूनही जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याची समज कच्ची. आईनं लगेच सावधही केलं. जुने भाष्यकार तिथं साधनं म्हणजे इंद्रियं धरतात. तू त्यात दुकानातल्या फळ्या बसवते आहेस ते ओढूनताणून, असं ती म्हणाली. कबूल. पण बूट आवळून टाच बाइंडिंगमध्ये ठोकली, की पाय कुठे संपतो आणि स्की कुठे सुरू होते हे मला तरी सांगता येत नाही. बर्फाचा पोत मला कळतो तो स्कीच्या तळातूनच. भाष्यकारांना ही टाच मिळाली असती तर त्यांनी काय लिहिलं असतं कोण जाणे.

सोपेपणाबद्दलचा माझा मुद्दा आईनं एका वाक्यात उडवला. “एस.टी.नं पंढरपूरला गेलेल्याला विठोबा तोंड फिरवतो का?” ती स्वतः दोनदा पायी गेली आहे, त्यामुळे असं म्हणायचा तिला अधिकार आहे. वारकऱ्यांची सगळी परंपराच याच बाजूची: हठयोगाची खटपट सोडा, नाम घ्या, ते कुणालाही जमतं. सोपी वाट म्हणून ती कमी, असं संतांनी मानलं नाही.

मला मात्र एवढ्यानं पटलं नाही, कारण हाच वाद माझ्या धंद्यात होऊन गेला आहे आणि त्याचा निकाल अर्धाच आईच्या बाजूनं लागला. १८४७ मध्ये एडिंबराच्या जेम्स सिम्पसननं बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. प्रसूतीच्या कळा हव्वेला दिलेला दंड, त्या हटवणारे तुम्ही कोण, हा आक्षेप बायबलच्या आधारानं घेता येत होता. सिम्पसननं त्याच वर्षी पुस्तिका काढून बायबलमधूनच उत्तर दिलं: देवानं आदमची फासळी काढण्याआधी त्याला गाढ झोपवलं होतं. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियानं प्रसूतीत क्लोरोफॉर्म घेतला आणि तोंडं बंद झाली. तो देणाऱ्या डॉक्टरांचं नाव जॉन स्नो, याचं मला उगाचच बरं वाटतं. वेदना घटली म्हणून मातृत्व घटलं नाही. इथवर आईचं खरं.

पुढचा भाग असा. भूल येण्याआधी सर्जनची कीर्ती त्याच्या वेगावर असे. लंडनचा रॉबर्ट लिस्टन काही मिनिटांत पाय कापून मोकळा होई. भूल आल्यावर घाई संपली, हात सावकाश चालू लागले, पोटात आणि छातीत शिरता आलं. पण रोग्याच्या उशाशी एक नवं काम जन्मलं. १८४८च्या जानेवारीत पायाच्या बोटाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची मुलगी दगावली. ज्या गोष्टीसाठी कुणी मरत नसे तिच्यापायी मरण आलं. कष्ट नाहीसे झाले नव्हते. ते रोग्याच्या शरीरातून उठून उशाशी बसलेल्या माणसाच्या नजरेत गेले होते. माझा पगार त्या नजरेचा आहे.

रुंद स्कीचंही तेच झालं आहे. पूर्वी खोल बर्फ आपला पहारा आपणच करायचा. मांड्यांत ताकद आणि अंगात वर्षानुवर्षांचं तंत्र नसेल तर शंभर पावलांत माणूस धापा टाकत बसायचा, तीव्र उतारापर्यंत पोचायचाच नाही. ११२ मिलिमीटरवर तो सहज पोचतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असला की तिथं हिमस्खलनाची खरी भीती, आणि मजा नेमकी त्याच अंशांत. अल्टाला धोका वाढला की ‘इंटरलॉज’ जाहीर होतो: आहात त्या इमारतीत थांबायचं, दार उघडून बाहेर पडणंसुद्धा बेकायदा. या दरीतल्या उतारांवर कित्येक दशकं तोफा डागून बर्फ पाडला गेला. तोफ लागायची म्हणजे पाचवा गडी केवढा, याचा अंदाज येतो.

त्या पाचव्याला साधनातूनही शिरता येतं. मॅकॉन्की २६ मार्च २००९ रोजी इटलीच्या डोलोमाइट पर्वतात कड्यावरून स्कीसकट झेपावला. हवेत स्की सोडून पॅराशूट उघडायचं होतं. स्की वेळेवर सुटल्या नाहीत. आणि अल्टाच्या शेजारीच ग्रिझली गल्चमध्ये चॅड्स गॅप नावाची शंभर फुटांहून मोठी दरी आहे, ती ओलांडताना टॅनर हॉल २००५ मध्ये कमी पडला आणि त्याचे दोन्ही घोटे मोडले. तो त्या काळातला अव्वल गडी. माझी उडी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण हिशेबातले पाच जण तेच.

म्हणजे स्की घ्यायला हरकत नाही, फक्त वाचलेल्या कष्टांची थकबाकी दुसरीकडे भरायची. पहाटे हिमस्खलनाचं बुलेटिन वाचायचं, कोनमापक खिशात ठेवायचा, एकटीनं जायचं नाही, सोबतच्या प्रत्येकाकडे शोधयंत्र, फावडं आणि काठी आहे हे डोळ्यांनी बघायचं, आणि गळ्याशी आलेली ‘एकच फेरी’ गिळायची. यातलं काहीही फोटोत येत नाही. मांड्यांच्या कष्टाचं निदान कौतुक तरी व्हायचं.

लाइन कंपनीनं एका पावडर स्कीला ‘सर फ्रान्सिस बेकन’ हे नाव दिलं होतं. जॉन ऑब्री सांगतो त्या गोष्टीनुसार हा तत्त्वज्ञ, थंडीनं मांस टिकतं का हे पाहायला, कोंबडीत बर्फ भरत बसला, गारठला आणि त्यातच १६२६ मध्ये गेला. ते नाव ठेवणाऱ्यानं ही गोष्ट वाचली होती की नाही माहीत नाही. मी ती जोडी घेतली नाही, पण नाव वाचून बराच वेळ तिथं उभी राहिले खरी.

शेवटचा निर्णय बाइंडिंगचा. ते अगदी मध्यावर बसवलं तर पुढं-मागं वजन सारखं, गिरकी हलकी, उलटं उतरणं सोपं. पण पुढचा भाग आखूड पडतो आणि खोल बर्फात टोक बुडू पाहतं. आठ-नऊ सेंटिमीटर मागं घेतलं तर टोक तरंगतं, पण गिरकीत लांब नाक जड लागतं आणि मागं शेपूटच उरत नाही. दोन्ही सुखं एकाच भोकात बसत नाहीत. इथं मला पाप-पुण्याचा प्रश्न बदललेला दिसला: फळी माझं काम करते का, हा नाहीच, पाचांमध्ये वाटणी करताना कोणतं काम मी माझ्याकडे ठेवते, हा आहे. पोरानं साचा स्कीवर आवळला, ड्रिल हातात घेतलं आणि विचारलं, “शुअर?” एकदा भोकं पडली की त्यांच्या अगदी शेजारी पुन्हा पाडता येत नाहीत, गाभा कमजोर होतो.

मी मध्यापासून चार सेंटिमीटर मागं सांगितलं. टोक बुडू न देण्याचं काम माझ्या मांड्यांकडे राहील.