बत्तीस महिने थांबलेले राष्ट्र

शेजारच्या दोन घरांत मारामारी जुंपली आणि आपण दार लावून आत बसलो, तर तो शहाणपणा की भित्रेपणा? शब्बाथ शाळेतील मोठ्या मुलांच्या वर्गात हा प्रश्न केव्हातरी निघतोच, आणि चांगल्या शोमरोन्याचा दाखला शिकवून झाला की तो अधिकच अवघड होतो. कारण त्या दाखल्यात जखमी मनुष्य एकच आहे आणि लुटारू केव्हाच निघून गेले आहेत. याजकाने व लेव्याने काय करावयास हवे होते, याविषयी कोणाच्या मनात शंका उरत नाही. परंतु लुटारू अजून तेथेच असते, दोन टोळ्या एकमेकींवर तुटून पडलेल्या असत्या, आणि दोहोंतही त्या शोमरोन्याचे आप्त असते, तर? राष्ट्रांपुढे प्रश्न बहुधा या रूपाने येतो. म्हणून एका राष्ट्राचेच उदाहरण घेऊ.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात पहिले महायुद्ध पेटले तेव्हा अमेरिकेने आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले. ती युद्धात उतरली ६ एप्रिल १९१७ रोजी. मधले बत्तीस महिने ती का थांबली, याचे उत्तर पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकलेले असते: जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवली, म्हणून अमेरिका चिडली. पण चिडायला कोणाला बत्तीस महिने लागत नाहीत.

त्या वेळचे अध्यक्ष वुड्रो विल्सन हे एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे चिरंजीव. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात त्यांचे बालपण जॉर्जियातील ऑगस्टा या गावी गेले, आणि त्यांच्या वडिलांचे उपासनामंदिर त्या दिवसांत जखमी सैनिकांचे इस्पितळ झाले होते. युद्ध म्हणजे काय हे ज्याने झेंड्यांवरून नव्हे तर कण्हण्यावरून ओळखले, त्याने रणवाद्य ऐकताच धावत सुटू नये, यात नवल ते काय? त्यांचे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन हेही प्रेस्बिटेरियनच, आणि मोठे वक्ते. ब्रायन यांनी तर थांबणे हेच धोरण केले होते. १९१३ व १९१४ या दोन वर्षांत त्यांनी तीस राष्ट्रांशी करार केले. तंटा उद्भवल्यास तो चौकशी मंडळाकडे सोपवावा आणि चौकशीच्या वर्षभरात कोणी शस्त्र उचलू नये, एवढाच त्यांचा मथितार्थ. करार करणाऱ्या वकिलांना त्यांनी जुन्या तलवारींच्या पोलादाची, नांगराच्या फाळाच्या आकाराची वजने भेट दिली, कागद दाबून ठेवायला. इंग्लंड व फ्रान्स यांनी या करारांवर सह्या केल्या. जर्मनीने केली नाही. पुष्कळांनी या मनुष्याला भोळा म्हटले आहे. राग निवण्यास वेळ लागतो, एवढे समजणाऱ्या मंत्र्याला भोळा म्हणण्याची आमची तयारी नाही.

थांबण्याचे दुसरे कारण घरातच होते. १९१० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ९ कोटी २० लक्ष भरली. त्यांपैकी ८० लक्षांच्या आसपास लोक जर्मनीत जन्मलेले तरी होते, किंवा त्यांची आई वा वडील तरी तेथले होते. कितीतरी मंडळ्यांत उपासना जर्मन भाषेतच चाले. आयरिश लोकांना इंग्लंडचा विजय नको होता. १९१६ मध्ये डब्लिनच्या उठावातील पुढाऱ्यांना इंग्रजांनी गोळ्या घातल्यावर तर मुळीच नको होता. रशियातील झारच्या जुलमाला कंटाळून पळून आलेले यहूदी तर झारच्याच बाजूने लढा म्हटल्यावर काय म्हणणार? घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी अशी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या रीत आहे, त्या आमच्या बेळगाव-बडोद्याकडील वाचकांना हे फोड करून सांगावयास नको. बाहेरच्या भांडणात एक बाजू घेणे म्हणजे आपल्याच घरात भिंत घालणे, ही भीती खरी होती.

आता समुद्राकडे वळू. दोन्ही पक्ष तटस्थांचे हक्क तुडवीत होते. इंग्लंडच्या आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली आणि अन्नधान्यही अडवले. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मन जनता जनावरांना घालण्याच्या सलगमावर जगत होती. जर्मनीने उलट पाणबुड्या सोडल्या. विल्सन इंग्लंडला निषेधाची पत्रे पाठवीत आणि जर्मनीला सज्जड इशारे. दोहोंत हा फरक का, असे विचारल्यास उत्तर असे की अडवलेल्या मालाची भरपाई पुढे करता येते, बुडालेल्या मुलाची करता येत नाही. हा भेद खोटा नाही. मात्र भुकेनेही मनुष्य मरतो; तो हळूहळू मरतो, म्हणून त्याची बातमी होत नाही, इतकेच.

७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘लुसिटानिया’ हे इंग्रज प्रवासी जहाज पाणतीराने बुडाले. १,१९८ माणसे गेली, त्यांत १२८ अमेरिकन होते. देश खवळला. तीनच दिवसांनी फिलाडेल्फिया येथे नव्याने नागरिक झालेल्या लोकांपुढे बोलताना विल्सन म्हणाले की, न लढण्याइतका स्वाभिमानही एखाद्याला असू शकतो. त्यावरून त्यांची पुष्कळ टवाळी झाली. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा तर संताप अनावर झाला. परंतु ब्रायन यांना उलट वाटले की विल्सन फारच कडक होत आहेत. त्या जहाजावर बंदुकीची लाखो काडतुसेही होती. युद्धसामग्री नेणाऱ्या जहाजाने बायकामुलांना ढालीसारखे वापरू नये, आणि आपल्या नागरिकांना अशा जहाजातून जाण्यास आपण मनाई करावी, असे ब्रायन यांचे म्हणणे. ते मानले गेले नाही. जर्मनीला धाडावयाच्या दुसऱ्या खलित्यावर सही करण्यास त्यांनी नकार दिला आणि ९ जून १९१५ रोजी मंत्रिपद सोडले. एकाच पंथाचे, एकच पवित्र शास्त्र वाचणारे दोन प्रामाणिक पुरुष येथे वेगळे झाले, आणि दोघांपैकी कोणावरही कपटाचा आरोप करता येत नाही.

शास्त्राकडे जावे तर तेथेही एकच उत्तर हाती लागत नाही. शास्ते या पुस्तकात दबोरा आपल्या गीतात रऊबेनाच्या वंशाला टोमणा मारते: मनात मोठमोठे विचार करीत तो मेंढवाड्यातच बसून राहिला. ओबद्या संदेष्टा अदोमाला दोष देतो, कारण भावाचे नगर लुटले जात असताना तो बाजूला उभा राहिला. पण २ इतिहासाच्या ३५ व्या अध्यायात योशीया राजाची हकीकत आहे. मिसरचा राजा नखो दुसऱ्याच शत्रूवर चालून जात होता. तुझे-माझे भांडण नाही, असे त्याने निरोप पाठवून कळवले, तरी योशीया मध्ये पडला आणि मगिद्दोच्या मैदानात प्राणास मुकला. आणि योशीया तर भला राजा. रऊबेन चुकला तो बसून राहिल्याने, योशीया चुकला तो उठल्याने. तेव्हा वचन काढून दाखवले की प्रश्न सुटला, असे समजणाऱ्यांनी ही दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत.

आमच्या मते अमेरिकेच्या तटस्थतेतील खरी अडचण विलंबाची नव्हतीच. ती हिशेबाच्या वहीत होती. लढणाऱ्या राष्ट्रांना कर्ज देणे हे तटस्थतेच्या भावनेशी विसंगत आहे, असे ब्रायन यांनी १९१४ च्या ऑगस्टमध्येच बजावले होते. पैसा हीच सर्वांत घातक युद्धसामग्री, कारण बाकीची सगळी तीच आणते, हा त्यांचा मुद्दा. काही महिन्यांतच ही गाठ सैल झाली. १९१५ च्या शरदऋतूत मॉर्गन पेढीच्या पुढाकाराने इंग्लंड-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचे कर्ज उभारले गेले. १९१७ च्या एप्रिलपर्यंत दोस्तांकडे अमेरिकनांचे सुमारे २३० कोटी डॉलर अडकले होते, तर जर्मनीकडे ३ कोटीही नव्हते. कायद्याने दुकान दोघांनाही उघडे होते. पण एका गिऱ्हाइकाच्या वाटेवर दुसऱ्याचा पहारा होता आणि दुकानदाराला ते ठाऊक होते. अशा दुकानदाराने मी कोणाच्याच बाजूचा नाही असे म्हणावे, हे कायद्यात बसेल. मनात बसेल काय?

पुढे १९३४ ते १९३६ या काळात सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने शस्त्रांचे व्यापारी व पेढ्या यांची कसून चौकशी केली, आणि सावकारांनीच राष्ट्राला युद्धात ओढले असा समज देशभर पसरला. आम्हाला तो पुरता पटत नाही. सावकारांच्या हाती सूत्रे असती तर राष्ट्र १९१५ मध्येच उतरले असते. शिवाय १९१६ च्या नोव्हेंबरात, विल्सन यांच्याच संमतीने, तेथील मध्यवर्ती बँकेच्या मंडळाने दोस्तांना तारणाशिवाय कर्ज देण्याबाबत पेढ्यांना सावधगिरीचा इशारा दिला होता. पैशाने अमेरिकेला युद्धात ढकलले नाही. त्याने वेगळीच हानी केली. विल्सन यांची मनीषा मध्यस्थ होण्याची होती, आणि जो एकाच पक्षाचा सावकार आहे त्याचे मध्यस्थाचे आसन दुसरा पक्ष मानीत नाही.

येथे आमच्या बाजूची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वॉशिंग्टनमध्ये हा खल चालू होता तेव्हा दूर इराकात, कूत अल अमारा येथे, पुण्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३ वी व ११० वी मराठा पलटण होती. दख्खनची आणि कोकणची मुले. अन्न संपले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण गेली. त्या महायुद्धात भारताचे सुमारे ७४ हजार सैनिक कामी आले. आपण लढावे की थांबावे, हे भारताला कोणी विचारले नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजीही तेच झाले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील पुढाऱ्यांना न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर करून टाकले. थांबण्याचा अधिकार हा स्वतंत्राचा अधिकार आहे. विल्सन यांना बत्तीस महिने विचार करता आला, ही त्यांच्या राष्ट्राची श्रीमंती होती.

या विलंबाने किती जीव गेले, असा हिशेब मांडणारे पुष्कळ आहेत. वर्दँ आणि सोम या १९१६ च्या दोन लढायांची नावे ते घेतात. सोमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, इंग्रजांचे सुमारे १९ हजार सैनिक मेले. अमेरिका आधी आली असती तर हे टळले असते काय? १९१७ मध्येदेखील तिचे खडे सैन्य सव्वा लाखाच्या आसपास होते, आणि फ्रान्सच्या आघाडीवर तिची माणसे मोठ्या संख्येने दिसण्यास १९१८ उजाडावे लागले. एवढ्यावरून छातीठोक काही सांगू नये.

१९१६ च्या नोव्हेंबरात विल्सन पुन्हा निवडून आले ते राष्ट्राला युद्धाबाहेर ठेवल्याच्या पुण्याईवर. डिसेंबरात त्यांनी दोन्ही पक्षांना पत्र लिहून विचारले की तुम्ही नेमके कशासाठी लढता ते सांगा. कोणीही धड उत्तर दिले नाही. २२ जानेवारी १९१७ रोजी सिनेटपुढे त्यांनी कोणाचाही जय न होता होणाऱ्या तहाची मागणी केली. त्यानंतर नऊ दिवसांनी जर्मनीने कळवले की १ फेब्रुवारीपासून तटस्थांची जहाजेही न सांगता बुडवली जातील. मार्चच्या आरंभी, मेक्सिकोला अमेरिकेवर उठवू पाहणारी जर्मन परराष्ट्रमंत्री त्सिमरमान यांची गुप्त तार छापून आली. त्याच महिन्यात रशियात झारची सत्ता संपली, आणि दोस्तांच्या पंक्तीस बसण्यातला एक मोठा संकोचही गेला.

२ एप्रिलला विल्सन यांनी संसदेपुढे युद्धाची मागणी केली. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ मते पडली. प्रतिनिधिगृहातील वाद रात्रभर चालला. पहाटे तीनच्या सुमारास ३७३ विरुद्ध ५० मतांनी ठराव झाला. त्या संसदेत निवडून आलेल्या पहिल्या स्त्री सभासद जेनेट रँकिन यांनी विरोधात मत दिले, तसेच सत्ताधारी पक्षाचे सभागृहातील नेते क्लॉड किचिन यांनीही दिले. ती पहाट उत्तम शुक्रवारची होती. दुपारी एक वाजून गेल्यावर, मंडळ्या वधस्तंभाच्या स्मरणासाठी बसलेल्या असताना, पाळकाच्या मुलाने ठरावावर सही केली. त्याच दिवशी त्यांच्याकडे ब्रायन यांची तार आली. सत्तावन वर्षांचे ब्रायन लिहीत होते की गरज पडेल तेव्हा मला साधा शिपाई म्हणून भरती करून घ्यावे, आणि जमेल ते काम द्यावे.