निवृत्त शब्दांचें ऋण

मनुष्य नोकरींतून निवृत्त झाला म्हणजे हजेरीपटावरील त्याचें नांव निघतें. परंतु जुन्या कागदांवर त्यानें केलेल्या सह्या कोणी खोडीत बसत नाहीं. त्या खोडल्या तर जें घडलें तें कोणाच्या हातून घडलें, हें पुढें कोणास कळणार? शब्दांच्या बाबतींत मात्र आपली बुद्धि इतकी स्थिर राहत नाहीं. एखादा शब्द चुकीचा किंवा अपमानकारक ठरला कीं तो जुन्या दप्तरांतूनसुद्धां नाहींसा करावा, असें आपणांस वाटूं लागतें. ही भावना दयेची खरी. पण ती न्यायाचीहि आहे काय?

वैद्यकांत हा प्रश्न रोजचा आहे. रुग्णांच्या नोंदी संगणकांत ठेवतांना प्रत्येक रोगास, लक्षणास व उपचारास स्वतंत्र क्रमांक देणारी 'स्नोमेड सीटी' नामक परिभाषा इ. स. २००२ मध्यें सिद्ध झाली. तिचा एक दंडक विचार करण्याजोगा आहे. संज्ञा कालबाह्य झाली तरी तिचा क्रमांक पुसला जात नाहीं, व तो दुसऱ्या संज्ञेसहि दिला जात नाहीं. संज्ञा केवळ निष्क्रिय ठरते; ती द्विरुक्त होती, संदिग्ध होती कीं चुकीची होती, हें कारण नोंदलें जातें; आणि शक्य तेथें तिच्या जागीं कोणती संज्ञा घ्यावी तेंहि दाखविलें जातें.

हा केवळ कारकुनी काटेकोरपणा नव्हे. समलिंगी आकर्षण हा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणांत मानसिक विकार गणला जात असे, इ. स. १९९० मध्यें तो त्यांतून वगळण्याचें ठरलें. तत्पूर्वीं त्या शिक्क्याखालीं इंग्लंडांत कित्येकांस विजेचे धक्के देऊन 'बरें' करण्याचे प्रयत्न झाले. अशा एखाद्या मनुष्याच्या जुन्या नोंदींतून तो शब्द कोणीं सद्हेतूनें पुसला, असें समजूं. उपचार उरला, त्याचें कारण गेलें; अन्यायाचा साक्षीदार आपणच भलेपणाच्या भरांत घालविला. उलट, आजचें निदान म्हणून तो शब्द तसाच राहूं दिला, तर अन्याय अद्याप चालूच आहे. म्हणून शब्द जपावा, पण 'ही चूक होती' असें त्याच्यापुढें लिहून जपावा.

भाषांतरकाराचें काम याहून अवघड. पूर्वींचे इंग्रज वैद्य अंगावरील सुजेस 'ड्रॉप्सी' म्हणत. ती सूज हृदयाच्या विकारानें आली, मूत्रपिंडाच्या कीं यकृताच्या, हें त्या एका शब्दावरून कळत नाहीं. अशा जुन्या नोंदीचें मराठी करतांना कोणीं 'हृदयविकार' लिहिलें, तर तें भाषांतर नव्हे, नवें निदान झालें. आणि 'जलोदर' लिहिलें, तर सूज पोटापुरतीच राहिली. मृत वैद्याच्या तोंडीं त्यास ठाऊक नसलेलें ज्ञान घालण्याचा अधिकार आपणांस नाहीं. त्याची संदिग्धता संदिग्ध ठेवणें, हाच येथें प्रामाणिकपणा.

शिवाय मूळ शब्द आणि त्याचें भाषांतर एकाच दिवशीं म्हातारे होत नाहींत. 'लेप्रसी' हा शब्द इंग्रजी वर्गीकरणांत अजून चालतो. पण मराठींत 'महारोग' मागें पडून 'कुष्ठरोग' रूढ झाला, कारण पहिल्या शब्दांत रोगापेक्षां बहिष्काराचाच उच्चार अधिक ऐकूं येई. मूळ शब्द निवृत्त होण्याची वाट पाहत आपला शब्द माणसांस बोचूं द्यावा, हें योग्य नव्हे. तसेंच मूळ शब्द गेल्यावर त्याचें भाषांतर पोरकें होऊन वापरांत हिंडत राहावें, हेंहि योग्य नव्हे.

मग बाबा आमटे यांनीं इ. स. १९४९ मध्यें स्थापिलेल्या 'महारोगी सेवा समिती'च्या नांवाचें काय? माझ्या मतें तें नांव आहे तसेंच शोभतें. ज्या शब्दानें माणसें गांवाबाहेर घालविलीं, त्याच शब्दापुढें 'सेवा' हा शब्द लिहिला गेला. तो खोडला, तर त्या सेवेस किती विरोध ओलांडावा लागला, हें पुढच्या पिढीस कसें उमगावें?

सारांश, दयेचें क्षेत्र वेगळें व सत्याचें वेगळें. समोर बसलेल्या रुग्णाशीं बोलतांना निवृत्त शब्द जिभेवर येऊं देऊं नये. दप्तरांत मात्र त्यास त्याच्या जागीं, त्याच्या दोषासह, राहूं द्यावें. शब्द पुसल्यानें चूक पुसली जात नाहीं. ती पुन्हां करण्यास आपण मोकळे होतों, इतकेंच.